तुटलेला बोल्ट: तुळजापूरच्या वाटेवरील एका दुरुस्तीविद्येचा इतिहास

गाडीचा सांगाडा आणि तिची चाके यांच्यामधली जोड ज्या बोल्टांवर टिकून असते, त्यांना सस्पेन्शनचे बोल्ट म्हणतात. ट्रक, जीप आणि टेम्पो यांत ते पाट्यांच्या, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, भोवती असतात. एकावर एक रचलेल्या पाट्यांना मधोमध ओवून धरतो तो सेंटर बोल्ट, पाट्यांची जुडी अ‍ॅक्सलला आवळतो तो यू बोल्ट आणि पाट्याच्या टोकाचा डोळा सांगाड्याला लटकवतो तो शॅकलचा बोल्ट. लहान मोटारीत हेच काम शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या पायाशी, लोअर आर्मच्या बुशमध्ये आणि स्ट्रटच्या तळाशी असलेले बोल्ट करतात. यांपैकी एखादा तुटला की त्याचा एक तुकडा हातात येतो आणि दुसरा भोकात अडकून राहतो. अडकलेला तुकडा भोकाचे आटे न बिघडवता बाहेर काढणे हे वाहनदुरुस्तीतले सर्वांत चिकाटीचे काम आहे.

तुळजापूरसारख्या गावाला या कामाची गरज जुनी आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेवर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेल्या या देवस्थानाला आगगाडीचा आधार नव्हता. सोलापूर सुमारे 45 किलोमीटर दूर, जिल्ह्याचे गाव धाराशिव त्याच्या निम्म्या अंतरावर आणि मध्ये घाट. भवानीच्या दर्शनाला येणारा माणूस एकतर पायी आला किंवा चाकावर. चाकावर आलेल्यांपैकी काहींच्या गाड्या इथे मोडल्या आणि इथेच दुरुस्त झाल्या. ही विद्या या भागात कशी घडली, याचा मागोवा बैलगाडीपासून घ्यावा लागतो.

खीळ, पाचर आणि धाव

आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठण आणि तगर इथला माल गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. म्हणजे या पठारावर चाकाच्या गाडीने लांबचा प्रवास करण्याची परंपरा किमान दोन हजार वर्षांची आहे. लांबचा प्रवास म्हटला की वाटेतली मोडतोडही आली.

पारंपरिक बैलगाडीत आटे असलेला एकही भाग नसे. कुसू, पाचर आणि खीळ यांवर सगळी गाडी उभी राही. लाकडी तुंब्यात आरे ठोकलेले असत, आऱ्यांवर पुठ्ठ्यांचा घेर आणि त्या घेरावर लोखंडी धाव असे. चाक आखावरून निसटू नये म्हणून टोकाला खीळ मारलेली असे. खीळ मोडली तर उरलेला तुकडा दुसऱ्या बाजूने सुंभा लावून ठोकला की निघत असे. आरपार भोकात अडकलेली वस्तू काढायला एक घाव पुरतो. आट्यांनी अडवलेल्या बोल्टाला तो उपाय चालत नाही आणि पुढचा सगळा इतिहास या फरकातून घडला.

तरीही पुढे लागणारे मुख्य ज्ञान बैलगाडीच्या काळातच तयार झाले होते. धाव चढवताना लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान कडे करत असे. गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत ते लाल होईपर्यंत तापवायचे, सांडसांनी उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. तापताना कडे फुगते आणि चाकावर चढते. गार होताना ते आकसते आणि सगळे लाकडी सांधे आवळून धरते. तापलेले लोखंड वाढते व गार झालेले आकसते, हा नियम गावातल्या लोहाराला आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या घिसाड्याला हाताच्या अंदाजाने पक्का ठाऊक होता. किती लाल झाले म्हणजे पुरे, पाणी कधी ओतायचे, घाव कुठे घालायचा हे त्याच्या डोळ्यात आणि मनगटात होते. जाम झालेला बोल्ट सोडवण्यासाठी पुढे हेच ज्ञान उलट्या दिशेने वापरले गेले.

स्प्रिंगची ओळख टांग्याने करून दिली. इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट याने 1804 मध्ये पोलादी पट्ट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले आणि त्या शतकात कमानीच्या घोडागाड्या सर्वत्र पसरल्या. पट्ट्या एकत्र धरायला मधून बोल्ट घालावा लागला. गाडीच्या पोटाखाली आटे आले ते इथून.

आट्यांचे आगमन

आटे पाडणे हे लोहाराच्या भट्टीचे काम नव्हे. त्याला लेथ लागतो. हेन्री मॉड्सली याने अठराव्या शतकाच्या अखेरीस अचूक आटे कापणारा लेथ तयार केला. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने आट्यांचा कोन 55 अंश ठरवला आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टाला इंचामागे किती आटे असावेत याचे कोष्टक मांडले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा होता. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टावर बसेल याची खात्री व्हिटवर्थच्या प्रमाणामुळे आली.

हे इंग्रजी आटे या भागात आले ते रेल्वे आणि गिरण्यांबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोचली. सोलापूरची पहिली कापडगिरणी, जी पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली, 1877 मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शीपर्यंत धावू लागली आणि 1911 पर्यंत लातूरला गेली. तिच्या वाटेवर येडशी आले, तुळजापूर आले नाही. गिरणी असो की रेल्वे, तिला फिटर आणि टर्नर लागत. तुटलेला स्टड काढणे, भोकात पुन्हा टॅप मारणे, बोल्टावर डाय फिरवणे ही कामे यंत्रशाळांत रोजची होती. मोटारीच्या आधी ही विद्या गिरणीच्या आणि इंजिनाच्या बोल्टांवर तयार झाली.

त्या काळाची खूण भाषेत उरली आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तीन सुती बोल्ट म्हणजे तीन अष्टमांश इंचाचा, चार सुती म्हणजे अर्ध्या इंचाचा. मिलिमीटर येऊन साठ वर्षे उलटली, तरी सळई आणि बोल्ट विकणाऱ्या दुकानांत सुताची भाषा अजून चालते.

सोलापूर आणि तुळजापूर यांच्यामध्ये मात्र सरहद्द होती. सोलापूर इंग्रजी अमलात, तर तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. वेशीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके होते आणि पलीकडे हाली शिक्क्याचे चलन चालत होते. सुटा भाग आणायचा तर तो परक्या मुलखातून आणावा लागे. असा भाग महाग पडतो आणि उशिरा मिळतो. अशा ठिकाणी मोडलेली वस्तू टाकून देण्याआधी ती पुन्हा वापरता येईल का, याचा विचार आधी होतो.

निजामी बस आणि डिस्पोजलची जीप

हैदराबाद संस्थानात सरकारी बससेवा 1932 मध्ये सुरू झाली. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाकडे आरंभी 27 बस आणि 166 कर्मचारी होते. रेल्वेच्याच खात्याने बस चालवल्यामुळे रेल्वेच्या यंत्रशाळेची शिस्त मोटारीच्या दुरुस्तीला लाभली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची वापरलेली वाहने ‘डिस्पोजल’मधून विकली गेली आणि विलीस जीप खासगी हातांत आली. 1947 पासून महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद (जन्म 1882) यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या आणि पुढे फियाट बाहेर पडल्या. टाटांनी 1954 मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. दहा-पंधरा वर्षांच्या आत एकाच रस्त्यावर चार देशांच्या आट्यांची वाहने धावू लागली.

विलीस जीपच्या चारही चाकांवर पाटे होते. तिच्या शॅकलमध्ये एक खोच होती. काही शॅकलचे आटे उजवे होते, काहींचे डावे. डाव्या आट्यांच्या शॅकलवर ओळखीसाठी छोटा उंचवटा ठेवलेला असे. चिखल आणि ग्रीसच्या थराखाली तो दिसत नसे. नेहमीच्या सवयीने सोडवायला गेलेला माणूस प्रत्यक्षात तो आणखी आवळत असे आणि शेवटी आटे जात किंवा शॅकल मोडे. म्हणून जीपवर काम शिकवणारा उस्ताद शिकाऊ पोराला पाना लावण्याआधी चिंध्यांनी आणि रॉकेलने तो भाग पुसून पाहायला लावत असे. बोल्ट काढण्याचा पहिला नियम तिथे ठरला: आटे कोणत्या बाजूचे आहेत ते आधी पाहा.

बोल्ट तुटतो कसा

सोलापूरहून तुळजापूरला येणारी वाट सपाट काळ्या रानातून निघते आणि शेवटी बालाघाटाची चढण चढते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता सारखा खालीवर होतो. घाटात वळणावर गाडीचा भार एका बाजूच्या पाट्यांवर जातो. उतारावर ब्रेक लावला की अ‍ॅक्सल मागे ढकलला जातो आणि तो जोर यू बोल्टांवर येतो. हंगामात या जिल्ह्याच्या रस्त्यांवर उसाने भरलेले ट्रक व ट्रॉल्याही धावतात.

सेंटर बोल्ट तुटला म्हणजे तो कमकुवत होता, असे वरवर पाहता वाटते. अनुभवी कारागीर आधी यू बोल्टांकडे पाहतो. पाट्यांची जुडी अ‍ॅक्सलला दाबून धरण्याचे काम यू बोल्टांचे आहे. सेंटर बोल्टाने फक्त जागा राखायची असते. यू बोल्ट सैल पडले की पाटे एकमेकांवरून सरकू लागतात, सगळा कातर जोर सेंटर बोल्टावर येतो आणि तो सुरीने कापल्यासारखा तुटतो. अ‍ॅक्सल थोडा मागे सरतो आणि गाडी तिरकी चालू लागते. मागून येणाऱ्या माणसाला पुढची गाडी एका अंगाने चाललेली दिसते.

तुटलेल्या तोंडावरून कारण वाचता येते. तोंडाचा एक भाग जुना, काळपट आणि गुळगुळीत असेल, तर तिथे चीर आधीपासून होती आणि रोजच्या धक्क्याने ती वाढत गेली. उरलेला चकचकीत, खरबरीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला असतो. सगळे तोंड एकसारखे आणि पीळ पडलेले दिसले, तर बोल्ट जास्त आवळल्याने किंवा जाम असताना जोर लावल्याने गेला. बहुतेक वेळा बोल्ट जिथे नटाचा पहिला आटा सुरू होतो त्या जागी तुटतो, कारण ताण तिथे एकवटतो.

बोल्ट जाम होण्याचे मुख्य कारण गंज. लोखंडापासून झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो तयार झाला की बोल्टाला आतून पाचर मारल्यासारखे होते. पावसाळ्यातला चिखल गाडीच्या पोटाखाली थापला जाऊन वाळतो आणि ओल धरून ठेवतो. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा बोल्ट तर रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीतच गंजून चिकटतो. अशा वेळी नट फिरतो, पण बोल्ट जागचा हलत नाही.

एसटीची शिस्त

मुंबई राज्याची पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे मराठवाड्यातली बससेवा एसटीच्या एकाच व्यवस्थेत गेली. तुळजापुरात एसटीचे आगार आहे. नवरात्रात आणि आश्विन पौर्णिमेला इथे जादा गाड्या सोडल्या जातात. पौर्णिमेला सोलापूरच्या रस्त्याने चालत येणाऱ्यांची गर्दी इतकी असते की वाहने दुसऱ्या मार्गांनी वळवावी लागतात.

एसटीने दुरुस्तीचा दृष्टिकोन बदलला. गाडी मोडल्यावर पाहण्याऐवजी ठरलेल्या किलोमीटरनंतर ती खड्ड्यावर घेऊन यू बोल्ट आवळणे, पाटे तपासणे, ग्रीस भरणे हा नियम झाला. मोठी कामे विभागीय कार्यशाळेत, त्याहून मोठी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत होऊ लागली. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे आयटीआयची मुले आगारांत उमेदवारी करू लागली. वहीत शिकलेला आट्यांचा तक्ता आणि उस्तादाच्या हाताखाली मिळालेला अंदाज या दोन्हींची भेट आगारात झाली. आगारात शिकून बाहेर पडलेले हात पुढे तालुक्या-तालुक्याच्या गॅरेजांत गेले.

आच, छन्नी आणि गिरमीट

तुटलेला बोल्ट काढण्याच्या रीती एकामागून एक आल्या आणि नवी आल्यावर जुनी गेली नाही. आजही कारागीर सर्वांत जुन्या रीतीपासून सुरुवात करतो.

पहिली रीत छन्नीची. तुकड्याचे तोंड बाहेर डोकावत असेल, तर कडेला छन्नीने खाच पाडायची आणि तिरक्या, हलक्या घावांनी तो सोडवण्याच्या दिशेने फिरवायचा. जोराचा एक घाव घालण्यापेक्षा हलके वीस घाव उपयोगी, कारण धक्क्यांनी गंज फुटतो. त्याआधी आदल्या रात्रीपासून रॉकेल किंवा डिझेल मुरवून ठेवण्याची पद्धत आहे. तुकड्याचे टोक बरेच बाहेर असेल, तर करवतीने दोन बाजू सपाट करून पाना लावता येतो.

दुसरी रीत भोकाची. तुकडा आत असेल, तर त्याच्या बरोबर मध्यावर सुंभ्याने खूण करून भोक पाडायचे आणि त्यात निमुळता चौकोनी पोलादी तुकडा ठोकून फिरवायचा. सुताराच्या गिरमिटाने लोखंडाला भोक पडत नाही. त्यासाठी पिळाचे ड्रिल लागते, ज्याचे पेटंट स्टीफन मोर्सने 1863 मध्ये घेतले. चौकोनी तुकड्याचे सुधारलेले रूप म्हणजे डाव्या पिळाचा निमुळता ‘इझी आउट’. तो डावीकडे फिरवला की आणखी घट्ट रुततो आणि बोल्टाला आपल्याबरोबर फिरवतो. त्याचा धोकाही मोठा आहे. तो अतिशय कडक पोलादाचा असतो. जोराने फिरवला तर आतच मोडतो, आणि मग साध्या ड्रिलने त्याला भोक पडत नाही. मूळ अडचणीपेक्षा ही अडचण मोठी.

तिसरी रीत आचेची. ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनची ज्योत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये तयार झाली. भारतात 1935 मध्ये इंडियन ऑक्सिजन अँड अ‍ॅसिटिलीन कंपनी निघाली. लहान गावांत कार्बाइड आणि पाणी यांपासून गॅस करून काम चाले. ज्योत बोल्टाभोवतीच्या भागाला द्यायची, म्हणजे भोक मोठे होते. 12 मिलिमीटरचे भोक 300 अंशांनी तापवले तर ते मिलिमीटरच्या सुमारे चार शतांशांइतके वाढते. हे वाढणे डोळ्याला दिसत नाही, पण गंजाची पकड सुटायला तेवढे पुरे होते. धावेच्या वेळी लोहार जे करत होता तेच हे काम, फक्त चाकाऐवजी बोल्टाभोवती. इथेही एक बंधन पाळावे लागते. ज्योत पाट्याला लागता कामा नये. पाट्याचे पोलाद कडक करून मग ठरलेल्या तापमानाला उतरवलेले असते. त्याला पुन्हा आच लागली की त्याचे पाणी उतरते आणि त्या जागी पाटा पुढे तुटतो.

चौथी रीत विजेच्या वेल्डिंगची. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत लहान गावांच्या गॅरेजांत वेल्डिंगचे ट्रान्सफॉर्मर आले. तुकड्याच्या तोंडावर नट ठेवून त्याच्या आतून वेल्डिंग भरायचे. त्याने दोन गोष्टी साधतात. हरवलेले डोके परत मिळते आणि आचेने आधी फुगून मग आकसलेला बोल्ट गंज सोडतो. पूर्ण गार होण्याच्या आत, पण लालपणा गेल्यावर, पाना लावून पुढे-मागे थोडे-थोडे हलवत तो बाहेर काढतात.

सूत आणि मिलिमीटर

मोजमापांच्या बदलाने बोल्ट तुटण्याचे नवे कारण जन्माला आले. 1956 च्या कायद्याने भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि 1960 च्या दशकात ती सक्तीची झाली. पण रस्त्यावरची वाहने एका दिवसात बदलत नाहीत. जीपचे आटे अमेरिकी इंची, टाटा-मर्सिडीज आणि फियाटचे मेट्रिक, जुन्या इंग्रजी यंत्रांचे व्हिटवर्थ. चार सुती बोल्ट 12.7 मिलिमीटरचा, तर मेट्रिक बोल्ट 12 मिलिमीटरचा. व्हिटवर्थच्या अर्ध्या इंची बोल्टाला इंचात 12 आटे, तर 12 मिलिमीटरच्या साध्या मेट्रिक बोल्टाचे दोन आटे 1.75 मिलिमीटर अंतरावर. डब्यातला मिळेल तो नट लावला, तर तो एक-दोन फेरे फिरतो आणि मग अडतो. जोर लावून बसवला की आटे चिरडले जातात आणि पुढच्या वेळी सोडवताना बोल्ट तुटतो. म्हणून आटे मोजण्याची पट्टी गॅरेजमधले महत्त्वाचे हत्यार झाली. ‘सतरा नंबर’, ‘एकोणीस नंबर’ अशी पान्यांची नावे मिलिमीटरवरून रूढ झाली, तरी बोल्टाची जाडी सांगताना जुन्या पिढीच्या तोंडी सूतच राहिले.

अंगणातली दुरुस्ती

फियाट आणि अँबेसेडर यांच्या मागच्या बाजूला पाटेच होते, त्यामुळे ट्रकवर काम केलेल्या माणसाला त्या परक्या वाटत नसत. गाडीबरोबर पान्यांचा संच मिळे आणि मालकाने लहानसहान कामे स्वतः करावीत अशी अपेक्षा असे. 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 ने पुढच्या चाकांना स्ट्रटची रचना आणली. पुढे लहान मोटारींत पाट्यांच्या जागी गुंडाळलेली स्प्रिंग आली आणि सेंटर बोल्टाची जागा बुशमध्ये गंजणाऱ्या बोल्टांनी घेतली. दुसरीकडे वडापच्या जीपा, ट्रॅक्स आणि पुढे सुमो यांनी देवदर्शनाची वाहतूक उचलली आणि गावच्या गॅरेजांना पाट्यांचे काम मिळत राहिले.

घरी असे काम करताना जुन्या कारागिरांचा क्रम आजही उपयोगी पडतो. गाडी सपाट जागी उभी करून उरलेल्या चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये. सांगाड्याखाली मजबूत घोडी ठेवावी. गुंडाळलेली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, म्हणून स्ट्रट उघडण्याचे काम स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय करू नये. भाग पुसून आट्यांची दिशा पाहावी, तेल मुरवून रात्रभर ठेवावे, मग हलके घाव घालावेत. भोक पाडायचे तर मध्य नेमका धरावा, आधी बारीक ड्रिल आणि मग मोठे. 12 मिलिमीटरच्या बोल्टात 10.2 मिलिमीटरपर्यंत भोक गेले, तर भिंतीला फक्त आट्यांचा पीळ उरतो. तो टोकदार हत्याराने सोलून काढता येतो आणि टॅप फिरवून भोक पूर्ववत होते. वेल्डिंग करायचे तर बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात आणि जवळच्या रबरी बुशला, ब्रेकच्या नळीला किंवा इंधनाच्या नळीला आच लागणार नाही हे पाहावे. तीन प्रयत्नांत तुकडा हलला नाही, तर काम थांबवून वेल्डिंगवाल्याकडे न्यावे. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने भोक बिघडण्याची भीती असते.

खंडेनवमी

नवरात्राच्या नवव्या दिवशी, खंडेनवमीला, महाराष्ट्रात शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते. लोहाराची ऐरण, सुताराचा वाकस, शेतकऱ्याचा नांगर आणि गॅरेजवाल्याचे पाने यांना त्या दिवशी धुऊन-पुसून हळदकुंकू वाहिले जाते. तुळजापुरात हा काळ वर्षातल्या सर्वांत मोठ्या गर्दीचा. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून वाहने येतात. गॅरेजवाल्यांच्या कामाचे आणि हत्यारांच्या पूजेचे दिवस इथे एकत्र येतात. हत्यार स्वच्छ करून, तेल लावून, जागच्या जागी ठेवण्याची ही प्रथा कारागिरीच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. बोथट छन्नी आणि घसरणारा पाना हे बोल्टाचे डोके उडवणारे सर्वांत सामान्य कारण आहे.

पाट्याचा कोयता

मोडलेल्या वस्तूचा प्रवास गॅरेजमध्ये संपत नाही. तुटलेला पाटा भंगारातून पुन्हा लोहाराकडे जातो. त्याचे पोलाद कडक आणि चिवट असल्याने त्यापासून कोयते, विळे आणि कुऱ्हाडी घडवल्या जातात. घाटात तुटलेल्या पाट्याचा कोयता ऊसतोड्याच्या हातात येतो, आणि तोडलेला ऊस पुन्हा पाट्यांच्या गाडीवर चढतो. धाव चढवणारा लोहार आणि बोल्ट काढणारा मेकॅनिक यांचा संबंध असा अजून टिकून आहे.

आता सुटे भाग सहज मिळतात, आणि अडकलेल्या तुकड्यासह पूर्ण भागच बदलण्याची पद्धत वाढली आहे. वेळेचा हिशोब केला तर ती अनेकदा योग्यही ठरते. पण सांगाड्यातच अडकलेला बोल्ट बदलता येत नाही. तो काढावाच लागतो, आणि त्यासाठी दोन हजार वर्षे जुने आचेचे ज्ञान आणि दोनशे वर्षे जुने आट्यांचे ज्ञान दोन्ही लागतात.

या विद्येतली सर्वांत स्वस्त गोष्ट मात्र बोल्ट तुटण्याच्या आधीची आहे. नवे पाटे आणि नवे यू बोल्ट बसवल्यावर पाटे एकमेकांवर बसतात आणि यू बोल्ट किंचित सैल पडतात. म्हणून काहीशे किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा आवळावे लागतात. ज्या गाडीचे यू बोल्ट वेळेवर आवळले जातात, तिचा सेंटर बोल्ट सहसा तुटत नाही.